सल्ल्याची खुर्ची

बाईंनी पुस्तक उघडलं नाही. नाकाशी नेलं, लोणच्याच्या बरणीचा अंदाज घ्यावा तसा एक हलका श्वास घेतला आणि परत माझ्यापुढं ठेवलं.

“हे नको.”

“वाचलंय का?”

“नाही.”

“मग?”

“ते द्या. निळ्या पाठीचं.”

निळ्या पाठीचं पुस्तक विहीर कुठं खणावी याबद्दल होतं. बाई मिरजेत एका दवाखान्यात केसपेपर लिहायच्या. विहीर खणायला त्यांच्याकडं अंगण होतं की नाही, देव जाणे. आणि हुंगून परत केलेली कादंबरी माझी सगळ्यात लाडकी. तीन वर्षांत ती मी एकेचाळीस जणांना दिली होती आणि एकेचाळीस जणांनी परत करताना ‘चांगली आहे’ म्हटलं होतं. बेचाळिसाव्या माणसानं ती नाकानंच नापास केली.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका साप्ताहिकात ‘आडवी टाचणी’ नावाचं सदर लिहायचो. गावातली निम्मी माणसं मला टाळायची आणि उरलेली निम्मी, हा आपल्यावर कधी लिहितो, याची वाट बघायची. संध्याकाळी पाच ते सात मी लोकोन्नती वाचनालयात बसे. काउंटरच्या डाव्या अंगाला एक वेताची खुर्ची होती. तिला सल्ल्याची खुर्ची म्हणत. पुस्तक परत केलं आणि पुढं काय वाचावं ते सुचेना, की सभासदानं त्या खुर्चीपुढं येऊन उभं राहायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्याआधी तिथं एक निवृत्त हेडमास्तर बसायचे. ते आल्यागेल्याला थोरांची चरित्रं द्यायचे. त्यांच्या काळात सभासद निम्मे झाले, पण जे उरले ते फार चारित्र्यवान होते.

मी वैद्यासारखा बसायचो. मागचं पुस्तक कुठलं, कितव्या पानाला जांभई आली, घरात माणसं किती, झोप कशी लागते, असं विचारून मग पुडी बांधल्यासारखं पुस्तक द्यायचो. विधुराला प्रवासवर्णन. नव्यानं सासू झालेल्या बाईला खुनाची कथा. नगरपालिकेला पडलेल्या उमेदवाराला बागकाम. आणि ‘तात्या, काहीतरी चांगलं द्या’ असं मोघम म्हणणाऱ्याला ती कादंबरी, मिठागरावरची. देताना मी तिचं मर्मही सांगत असे. त्यातली नायिका एका पानावर धक्क्यावर भावाची वाट बघत उभी असते, आणि समोरच्या पानावर ती त्याच मिठागराची मालकीण असते. मधली आठ वर्षं लेखकानं एका शब्दानंही सांगितलेली नाहीत. “याला म्हणतात उडी,” मी म्हणायचो. “मराठीत एवढी छाती कुणाची नाही.” ऐकणारा मान डोलवायचा.

तर प्रमिला वडणगेकर, सभासद क्रमांक आठशे बारा. वय पस्तीसच्या आसपास, अंगाला लागून कापडी पिशवी, रजिस्टरात डाव्या हातानं सही. रोज साडेपाचला यायच्या. दोन पुस्तकं न्यायची मुभा होती. त्या एखादं, क्वचित दोन न्यायच्या आणि एक-दोन दिवसांत परत आणायच्या. अकरा महिन्यांत दोनशे ऐंशी पुस्तकं. बरं, एवढं वाचणारं माणूस बोलतं, भांडतं, निदान लेखकाला नावं तरी ठेवतं. या बाई परत करताना दोनच शब्द बोलायच्या. चांगलं आहे. नाटक चांगलं आहे. मूळव्याधीवरचे घरगुती उपाय, तेही चांगलं आहे. एकदा मराठ्यांच्या इतिहासाचा खंड तिसरा नेला. फक्त तिसरा. पहिल्या दोन खंडांत काय झालं याची त्यांना काडीची उत्सुकता नव्हती.

माझा सल्ला त्यांनी एकदाही घेतला नाही. पुढं उभ्या राहायच्या, मी काढून दिलेलं हुंगायच्या आणि भलतंच मागायच्या. माणसाला आपल्या तोंडावर कुणी खोटारडा म्हटलं तर चालतं, पण आपण काढून दिलेलं पुस्तक असं हुंगून ठेवलं की झोप लागत नाही. मला लागेना.

संशय मात्र माझ्या एकट्याचा नव्हता. ग्रंथपाल नलवडे हा गृहस्थ स्वतःच्या सावलीचीही नोंद करून ठेवणारा. त्यानं फॉर्म काढून दाखवला. पत्ता घराचा नव्हता, दवाखान्याचा होता. त्यानं बाईंना सांगलीच्या बसमधून उतरताना दोनदा पाहिलंही होतं. आमचे सेक्रेटरी हत्तरकी वकील यांनी त्यावरून तिथल्या तिथं खटला उभा केला. बाई आपली पुस्तकं सांगलीला नेऊन भाड्यानं फिरवतात. घरपोच वाचनालय चालवतात, आपल्या जिवावर. सिद्ध झालं तर सभासदत्व रद्द आणि बाहेरच्या फलकावर नाव, असा त्यांचा निकालही तयार होता. आमचा फलक भर रस्त्यावर होता, दवाखान्याच्या वाटेवर. त्यावर नाव लागलं की दवाखाना बाईंना दुसऱ्या दिवशी केसपेपरला हात लावू देणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. म्हणून पुरावा हवा होता.

तो मला एका बुधवारी सापडला.

आमची जुनी पुस्तकं सांगलीचे बापू जिनगर बांधायचे. चाळीस वर्षं बांधत होते. दर सोमवारी बांधलेला गठ्ठा घेऊन स्वतः बसनं यायचे, खिळखिळ्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जायचे. आदल्या वर्षी त्यांच्या हातून एक पुस्तक उलटं बांधलं गेलं होतं आणि हत्तरकींनी ठराव करून टाकला होता, की आणखी एक चूक झाली तर काम बापूंकडून काढून एका प्रेसला द्यायचं. त्या बुधवारी मी नव्या गठ्ठ्यातली एक कौटुंबिक कादंबरी चाळत होतो. शहाण्णवाव्या पानाच्या शेवटी आजारी भावजींच्या उशाशी बसलेल्या वहिनींनी ‘हलकेच त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि’. समोरच्या पानावर गेलो. ‘रवंथ करते का ते पाहावे. कान गार लागल्यास गूळ व सुंठ चारावी.’

मी खुर्चीतल्या खुर्चीत इतका हसलो की नलवडे पाणी घेऊन आला. गाईम्हशींच्या निगेवरचं एक पुस्तक त्याच गठ्ठ्यात बांधून आलं होतं. दोन्ही उसवलेली असताना सोळा पानांचा एकेक फर्मा इकडचा तिकडं गेला होता. पानांचे आकडेही जुळलेले, सत्त्याण्णव ते एकशे बारा. नुसतं चाळणाऱ्याला पत्ता लागला नसता. वाचणाऱ्याला मात्र सोळा पानं वहिनींकडून चारा खावा लागला असता.

मी नलवडेला काही सांगितलं नाही. हा माझा उंदराचा सापळा होता. आणि यात बापूंचं काम जाईल, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलंच नाही. सापळा लावणाऱ्याला उंदीर तेवढा दिसतो.

गुरुवारी बाई आल्या. मी कादंबरी पुढं केली. त्यांनी हुंगली आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातचं पुस्तक पिशवीत टाकलं. शुक्रवारी मी साप्ताहिकाच्या छपाईला असायचो, त्यामुळं वाचनालयात नव्हतो. शनिवारी साडेपाचला पुस्तक परत.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“चांगलं आहे.”

“मधे जरा वेगळं वळण घेतं, नाही?”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग पिशवीचा बंद हातावर गुंडाळत त्या म्हणाल्या, “मला तरी सरळच वाटलं.”

झालं. मी पुस्तक उघडूनही बघितलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलं, सुतळी बांधली, गाठीवर लाख लावून नलवडेच्या कपाटात कुलूपबंद केलं आणि हत्तरकींना निरोप धाडला. घरी जाऊन ‘आडवी टाचणी’चा पुढचा मजकूरही डोक्यात जुळवला. मथळा होता ‘हुंगणाऱ्यांचे वाचन’.

रविवारी सकाळी कार्यकारिणी बसली. बाईंना बोलावलं होतं, तशा त्या आल्या आणि दाराशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि बापू जिनगर आत आले. यांना कशाला, असं मी नलवडेला विचारलं. तो म्हणाला, तात्या, तुम्हीच कळवलं ना, चुकीचं बांधलेलं पुस्तक म्हणून. वकीलसाहेब म्हणाले, एका बैठकीत दोन्ही विषय उरकू.

तेव्हा कुठं बापूंविरुद्धचा तो ठराव मला आठवला. बापू सत्तरीचे, जाड भिंगाचा चष्मा, धोतराचा सोगा हातात. ते खुर्चीच्या पाठीला हात लावून, चाचपून बसले. बाईंकडं त्यांनी बघितलं नाही. बाईंनी मात्र त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली.

हत्तरकींनी लाख फोडली. मी उठून उभा राहिलो. सवयीनं जरा खाकरलो आणि सांगितलं, की या पुस्तकात सत्त्याण्णवाव्या पानापासून गाईम्हशी सुरू होतात, आणि ज्यानं ते वाचलं तो माणूस ‘चांगलं आहे’ एवढंच म्हणणं शक्य नाही. मग शहाण्णवावं पान काढून नाटकी आवाजात वाचलं. ‘वहिनींनी हलकेच त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि’. समोरच्या पानावर गेलो.

‘म्हणाल्या, ताप उतरलाय बरं का.’

मी थांबलो. पुढचं पान बघितलं. त्याच्या पुढचं. भावजी उठून बसले होते. पेज पीत होते. सोळा पानांत एक गाय नव्हती.

मी पुस्तक जवळ धरलं आणि मला वास आला. ताज्या खळीचा. पिठाची, मोरचूद घातलेली, बाइंडर लावतात ती खळ. बुधवारी मी पुस्तक चाळलं तेव्हा ती वाळून कोरडी झालेली होती. आता पाठीपाशी बोट लावलं तर थंड लागत होतं.

चेहरा लपवायला काहीतरी हवं म्हणून मी नलवडेपुढचं रजिस्टर ओढलं. क्रमांक आठशे बारा. शुक्रवार, म्हणजे मी नव्हतो तो दिवस. नेलेलं पुस्तक : गाईम्हशींची निगा. शनिवारी दोन्ही परत. त्याच्यावरच्या ओळी बघितल्या. इतिहास खंड तिसरा. विहिरीचं. मूळव्याधीचं. मागच्या पानांवरच्या गठ्ठ्यांच्या नोंदींशी तारखा ताडून बघितल्या. प्रत्येक पुस्तक बापूंच्या एखाद्या सोमवारच्या गठ्ठ्यातलं होतं. मी दिलेली, बाईंनी हुंगून ठेवलेली पुस्तकं त्या गठ्ठ्यांतली नव्हती.

मी बाईंकडं पाहिलं. पिशवीचा बंद त्या डाव्या हातानं घट्ट धरून उभ्या होत्या. नखांच्या कडांना पांढरं काहीतरी सुकलेलं होतं.

“तात्या,” हत्तरकी म्हणाले, “पुस्तक तर बरोबर आहे. मग बुधवारी तुम्ही काय बघितलं?”

“मला बघू दे,” बापू म्हणाले. “माझं काम हाय.”

पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडून डोळ्यांपुढं धरलं नाही. पाठीवरून अंगठा फिरवला, मधला फर्मा उकलून शिवणीवरून बोट खाली नेलं आणि गाठीपाशी आल्यावर बोट थांबलं. तिथं ते बराच वेळ होतं. आंधळा माणूस नाण्याचा छाप ओळखतो तसं. मग त्यांनी मान वर केली, दाराच्या दिशेनं केली, आणि पुस्तक मिटलं.

“शिवण माझीच हाय,” ते म्हणाले. “एक पान इकडचं तिकडं न्हाई.”

हत्तरकींना उलटतपासणीची चटक होती. ते माझ्याकडं वळले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एक तर बुधवारी पुस्तक चुकीचं होतं आणि मग ते कुणीतरी उसवून बदललं, म्हणजे बापूंची चूक आणि शिवाय बाईंची हातचलाखी. नाहीतर पुस्तक पहिल्यापासून बरोबर होतं, मग मी बोललो ते काय होतं. दोहोंपैकी एक सांगा.

माझ्या हातात रजिस्टर होतं. बोट शुक्रवारवर होतं. ओळ मोठ्यानं वाचली असती तर मी खरा ठरलो असतो, आणि माझ्यासारख्या माणसाला खरं ठरण्याची संधी वारंवार येत नाही.

मी रजिस्टर मिटलं.

“थट्टा केली,” मी म्हणालो.

तुम्हाला वाटेल कुणी विश्वास ठेवला नसेल. सगळ्यांनी तत्काळ ठेवला. वीस वर्षं मेहनत घेऊन मिळवलेली कीर्ती अशा वेळी उपयोगी पडते. हत्तरकी लाल झाले. एका सभ्य स्त्रीवर आणि वयोवृद्ध कारागिरावर चिखल उडवल्याबद्दल माझा निषेध करणारा ठराव त्यांनी मांडला, नलवडेनं लिहून घेतला, आणि सल्ल्याची खुर्ची त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतली. ती उचलून माळ्यावर ठेवली. एवढी चटचट अंमलबजावणी त्या कार्यकारिणीत आधी झाली नव्हती.

खिडकीतून बघितलं तर बापू फाटकाशी पोचले होते. बाई दोन पावलं मागं. फाटकाबाहेर गेल्यावर त्या पुढं झाल्या, बापूंनी न विचारता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं सांगलीच्या बसथांब्याकडं निघाले. पायरी आली तेव्हा बाई थांबल्या, हातही थांबला.

सोमवारी साडेपाचला मी गेलो. सभासद म्हणून, काउंटरच्या अलीकडच्या बाजूला. खुर्चीची जागा मोकळी होती. बाई आल्या, पुस्तक परत केलं आणि माझ्याशेजारी कपाटासमोर उभ्या राहून हळू आवाजात सांगू लागल्या. बापू त्यांचे वडील. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बापूंना आता कडेचं तेवढं दिसतं, मधलं दिसत नाही. बापूंनी कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. बांधलेल्या पुस्तकाला हात लावू देत नसत. “मी तपासते म्हटलं असतं तर त्यांनी त्या दिवशीच दाभण खाली ठेवला असता,” त्या म्हणाल्या. म्हणून पुस्तक इथं आलं की त्या सभासद म्हणून न्यायच्या, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि चुकलं असलं तर उसवून पुन्हा शिवायच्या. शिवायला बापूंनीच लहानपणी शिकवलं होतं.

“पण आता त्यांना कळलं,” त्या म्हणाल्या. “मी डावखुरी. माझी गाठ उलटी पडते.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. काल जेवताना म्हणाले, दोरा जरा सैल ओढतेस.”

मी माफी मागायला सुरुवात केली. माफी मागण्याची सवय नसल्यामुळं ती लांबत गेली. बाईंनी ती मधेच तोडली आणि पिशवीत हात घातला.

“एक विचारायचं होतं तात्या. रागावू नका.” त्यांनी वर्तमानपत्राची एक घडी काढली. “ती मिठागराची कादंबरी तीन वर्षांपूर्वी बापूंकडं बांधायला होती. बापूंच्या रद्दीत मला हे सापडलं, आल्या आल्याच. मी शिवून टाकणार होते. पण इथं आले तर तुम्ही एका गृहस्थांना त्या उडीबद्दल सांगत होता. इतकं मनापासून सांगत होता. मग माझ्यानं होईना. ते पुस्तक मी मुद्दामच कधी नेलं नाही.”

घडीत एक फर्मा होता. सोळा पानं. पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव.

मी कपाटातून कादंबरी काढली. ऐंशी. धक्क्यावर उभी असलेली नायिका. पुढचं पान सत्त्याण्णव. मिठागराची मालकीण. एकेचाळीस वाचक आणि मी. बेचाळीस जणांपैकी एकानंही आकडे बघितले नव्हते, आणि सगळ्यांनी म्हटलं होतं, चांगली आहे.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

ती सोळा पानं मी तिथंच, कपाटाला टेकून वाचली. लेखकानं काहीही गाळलेलं नव्हतं. आठ वर्षं ती बाई रोज पहाटे उठून वाफ्यांवर काय करायची, बांध कसा घालायची, फुटला की कसा पुन्हा घालायची, एकेक करून सांगितलं होतं. उडी नव्हतीच. चालणं होतं.

“शिवा,” मी म्हणालो.

पुढच्या वर्षी बापूंनी आपणहून काम थांबवलं आणि वाचनालयाची पुस्तकं प्रमिलाबाईंकडं, त्यांच्या नावानं जाऊ लागली. हत्तरकींना नवीन बाइंडरचं काम जुन्यापेक्षा पक्कं वाटलं. वाचनालयातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेली गावात एकच व्यक्ती आहे, हे नलवडेच्या लक्षात यायला आणखी दोन वर्षं लागली. मग माळ्यावरची खुर्ची खाली आली, वेत नवा विणला आणि बाई संध्याकाळी तिथं बसू लागल्या. त्या मर्म वगैरे सांगत नसत. पुस्तक द्यायच्या, बस.

एकदा खूप दिवसांनी मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. सदर मी सोडलं होतं. वाचायला वेळ भरपूर होता आणि काय वाचावं ते खरंच सुचत नव्हतं. तसं सांगितलं. बाईंनी मागचं पुस्तक कुठलं ते विचारलं, मी सांगितलं, त्यांनी क्षणभर विचार केला आणि मागं वळून एक पुस्तक काढलं. मिठागरावरची कादंबरी. पाठ नवी, निळी.

मी ते हुंगलं. जुनी, वाळलेली खळ.

“कसं आहे?” मी विचारलं.

“चांगलं आहे,” बाई म्हणाल्या आणि डाव्या हातानं रजिस्टरात माझा नंबर लिहिला.

मी घरी पोचेपर्यंत वाटेतच पानांचे आकडे मोजून घेतले.